चिडचिड, पोटदुखी आणि घसरलेले गुण : मुलांमधील नैराश्य कसे ओळखावे आणि त्यावर उपचार कसे होतात

नैराश्याचा आजार मोठ्या माणसाला जडला की ते माणूस बहुधा उदास दिसते; लहान मुलाला किंवा किशोराला जडला की ते मूल पुष्कळदा चिडके दिसते. मुलांमधील नैराश्य घरात आणि शाळेत महिनोन्महिने ध्यानात येत नाही, त्याचे सर्वांत मोठे कारण मला हेच वाटते. रडणाऱ्या मुलाला आपण जवळ घेतो. पण दार आपटणाऱ्या, उलट बोलणाऱ्या, ताटावरून उठून जाणाऱ्या मुलाला बोलणी बसतात, आणि त्या बोलण्यांमुळे ‘आपण कुणालाच नको आहोत’ ही त्याची आधीच घट्ट होत चाललेली समजूत आणखी पक्की होते. निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निकषांमध्येही हा फरक नोंदवलेला आहे. प्रौढांमध्ये उदास मनःस्थिती हे मुख्य लक्षण धरतात. मुले आणि किशोर यांच्या बाबतीत मात्र तिच्या जागी सततची चिडचिड असली तरी ती तितकीच ग्राह्य मानली जाते.

सोलापुरातल्या अक्कलकोट रस्त्यालगतच्या एखाद्या वसाहतीतला नववीतला मुलगा डोळ्यांसमोर आणू. वडील यंत्रमागावर पाळीने काम करतात, आई घरी विड्या वळून कारखान्यात नेऊन देते, आजी घरात असते. आठवीपर्यंत वर्गात बरा असलेला हा मुलगा दिवाळीनंतर गृहपाठ अर्धवट ठेवू लागतो, संध्याकाळी मैदानावर जाणे सोडतो, रात्री एक-दोनपर्यंत जागा राहतो आणि सकाळी उठवले की अंगावर येतो. अधूनमधून डोके दुखते म्हणून शाळा बुडवतो. वडील म्हणतात, ‘मोबाईलने डोके फिरवले आहे.’ आजी म्हणते, ‘कुणाची तरी दृष्ट लागली.’ वर्गशिक्षक म्हणतात, ‘हे वयच असे असते.’ यांतले प्रत्येक म्हणणे काही मुलांच्या बाबतीत खरेही असते, म्हणूनच ते इतके सहज पटते. अडचण अशी की शाळेला फक्त गृहपाठ दिसतो, आईला न संपलेले ताट दिसते, मित्रांना मैदानावरची त्याची गैरहजेरी दिसते, आणि हे सारे एका ठिकाणी मांडून पाहणारे कुणीच नसते. निदानाची सुरुवात या तुकड्यांची बेरीज करण्यापासून होते, आणि ती बेरीज कोणतेही आईवडील किंवा शिक्षक करू शकतात.

मग वयात येतानाचा लहरीपणा आणि आजार यांत भेद कसा करायचा? डॉक्टर प्रामुख्याने कालावधी, व्याप्ती आणि बदल या बाबी पाहतात. लक्षणे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ टिकलेली असावी लागतात. उदासी किंवा चिडचिड, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस जाणे, भूक किंवा वजन यांतला फरक, झोप उडणे किंवा अती वाढणे, हालचाली मंदावणे किंवा उलट सतत अस्वस्थ राहणे, थकवा, आपण कुचकामी आहोत किंवा सारे आपल्यामुळेच बिघडले ही भावना, लक्ष न लागणे आणि मरणाचे विचार, अशा नऊ लक्षणांपैकी निदान पाच एकाच काळात असावी लागतात, आणि पहिल्या दोहोंपैकी एक तरी त्यांत असावेच लागते. वाढत्या वयातल्या मुलाचे वजन घटायलाच हवे असे नाही. वयानुसार जेवढे वाढायला हवे होते तेवढे वाढले नाही, तरी ते लक्षण मोजले जाते. शिवाय या साऱ्यामुळे अभ्यास, मैत्री किंवा घरातले वागणे प्रत्यक्ष बिघडलेले असायला हवे.

पण पालकांनी हे निकष हाती घेऊन गुण देत बसू नये. त्यांना त्याहून सोपी आणि भरवशाची एक कसोटी उपलब्ध आहे, ती म्हणजे मुलाची त्याच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी तुलना. शेजारच्या मुलाशी तुलना करून काहीच कळत नाही. मुळातच अबोल असलेली मुलगी अबोल आहे यात काळजीचे कारण नाही. बडबडी मुलगी अबोल झाली तर आहे. चाचणीत कमी गुण मिळाले म्हणून रुसलेला मुलगा रात्री आवडीचे जेवण असेल तर जेवतो, दुसऱ्या दिवशी मित्र आला की हसतो. नैराश्यात आनंद वाटण्याची क्षमताच मंदावलेली असते. गड्ड्याच्या यात्रेला जायचे म्हणून एरवी आठ दिवस आधीपासून मागे लागणारे मूल ‘तुम्ही जा, मला कंटाळा आला आहे’ असे म्हणून पांघरुणात शिरले, आणि असेच इतरही गोष्टींच्या बाबतीत होत राहिले, तर ते केवळ आळशीपण मानून सोडून देऊ नये.

वयानुसार आजाराचे रूप बदलते. प्राथमिक शाळेतल्या मुलाकडे मनातले सांगण्याइतके शब्द नसतात, म्हणून त्याचे शरीर बोलते: सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखणे, डोके दुखणे, आईला चिकटून राहणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येणे. तपासणीत काही सापडत नाही म्हणून ते ‘नाटक’ ठरवले जाते; प्रत्यक्षात त्या मुलाला होणारी वेदना खरी असते. किशोरवयात चिडचिड, अपराधी भावना, मित्रांपासून तुटणे, कधी मावा किंवा तंबाखूची सवय, कधी स्वतःच्या शरीराला इजा करणे अशी रूपे दिसतात. वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांच्यात या आजाराचे प्रमाण जवळजवळ सारखे असते. त्यानंतर ते मुलींमध्ये सुमारे दुप्पट होते. तरीही मुलींचे नैराश्य अधिक काळ लपून राहते असे मला वाटते, कारण शाळेतून आल्यावर मुकाट्याने आईबरोबर विड्या वळायला बसणारी, धाकट्या भावाला सांभाळणारी, काही न मागणारी मुलगी आपल्याकडे ‘शहाणी’ ठरते. ती गप्प आहे याची चौकशी कोण करणार?

किती मुलांना हा त्रास होतो, हे सांगणे अवघड असले तरी काही आकडे विश्वासार्ह आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यात नैराश्य आणि चिंताविकार हे प्रमुख होते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात अशी चार-पाच मुले असू शकतात.

हा आजार कशामुळे होतो, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि ज्या घरात एकच उत्तर ठरवले जाते तिथे बहुधा कुणीतरी एक जण दोषी ठरतो, बहुतेक वेळा आई. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आई किंवा वडील यांना नैराश्य असेल तर मुलाला ते होण्याची शक्यता इतरांच्या दोन ते चार पट असते. त्यावर परिस्थितीचा भार पडतो: घरातले भांडण, दारू, कामधंदा सुटणे, जवळच्या माणसाचा मृत्यू, शाळेत होणारी टिंगल, लैंगिक अत्याचार, मोठा शारीरिक आजार. दहावीनंतर ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लातूर, पुणे किंवा कोटा इथे एकटे पाठवलेले मूल, जे तोवर एक रात्रही घराबाहेर राहिलेले नसते, तेही या यादीत येते. अभ्यासात सतत मागे पडणाऱ्या मुलाला कधी कधी वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असते आणि ती कुणी तपासलेलीच नसते; वर्षानुवर्षे ‘मठ्ठ’ ऐकून त्यावर नैराश्य चढते. अशा मुलाला परीक्षेत मिळू शकणाऱ्या सवलती मिळवून देणे हाही उपचाराचाच भाग असतो. आणि काही मुलांच्या बाबतीत बाहेरचे कोणतेच कारण सापडत नाही. ‘तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न अशा मुलाला सर्वांत जास्त लागतो, कारण त्याचे उत्तर त्यालाही माहीत नसते.

मुलाशी बोलताना प्रश्न कसा विचारला जातो याला फार महत्त्व आहे. सोलापुरात याला आणखी एक बाजू आहे. इथल्या हजारो घरांत तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जाते आणि शाळा मराठी किंवा इंग्रजी असते. शाळेच्या भाषेत ‘काही नाही, ठीक आहे’ असे सांगणारे मूल घरच्या भाषेत विचारले तर कधी कधी मोकळे होते, म्हणून जमेल तिथे समुपदेशकाने किंवा शिक्षकाने ती भाषा जाणणाऱ्या सहकाऱ्याची मदत घ्यावी. प्रश्नात आरोप नसावा. ‘असा का वागतोस?’ यापेक्षा ‘गेले काही दिवस तू खेळायला जात नाहीस, रात्री झोपही लागत नाही असे मला दिसते आहे, तुला कसे वाटते आहे?’ हे विचारणे बरे. समोरासमोर बसवून चौकशी करण्यापेक्षा गाडीवरून जाताना किंवा स्वयंपाकघरात काम करता करता मुले अधिक बोलतात. आणि ती बोलू लागली की लगेच उपाय सांगू नये. आधी ऐकून घ्यावे.

‘जगू नये असे कधी वाटते का? जीव द्यावा असा विचार मनात येतो का?’ हा प्रश्न विचारायला आईवडील घाबरतात, कारण विचारल्यामुळे नसलेला विचार मनात शिरेल असे त्यांना वाटते. संशोधन तसे सांगत नाही. शांतपणे, सरळ शब्दांत विचारल्याने धोका वाढत नाही. ज्याच्या मनात तो विचार आहे त्याला उलट ओझे उतरल्यासारखे होते. उत्तर ‘हो’ असेल तर रागावू नये, शपथा घालू नयेत, मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. घरातली औषधे, आणि द्राक्ष, डाळिंब, ऊस यांची शेती असलेल्या घरांत फवारणीची कीटकनाशके, तातडीने कुलूपबंद करावीत किंवा घराबाहेर हलवावीत. आत्महत्येची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोडा वेळच टिकते, आणि त्या वेळात साधन हाताशी नसणे एवढ्यानेही जीव वाचतो. प्रयत्न आधीच झाला असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करण्याऐवजी तिची काळजी घेणे ही शासनाची जबाबदारी ठरते.

मदत कुठे मिळते? शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘सिव्हिल’मध्ये, केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येते. तालुक्याच्या ठिकाणी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची आणि किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकची चौकशी शासकीय रुग्णालयात करावी. आशाताईंना याची माहिती असते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. करमाळा किंवा सांगोला इथल्या खेड्यातून सोलापूरला येण्याआधी पहिला सल्ला घेण्यासाठी तो फार उपयोगाचा आहे. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका असेल तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे. बालरोगतज्ज्ञ किंवा नेहमीचे डॉक्टर यांच्याकडून सुरुवात केली तरी चालते. किशोरांसाठीची नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरून त्यांना प्राथमिक अंदाज घेता येतो.

पहिल्या भेटीत डॉक्टर पालकांशी बोलतात आणि मुलाशी एकट्यानेही बोलतात. मुलाने सांगितलेले सारे पालकांना सांगितले जात नाही, आणि पालकांनी त्यासाठी हट्ट धरू नये. जिवाला धोका असेल किंवा कुणी त्रास देत असेल तर मात्र सांगितले जाते. थायरॉईडचा विकार, रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे, जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता यांमुळेही थकवा आणि मरगळ येते, म्हणून रक्ताच्या तपासण्या होतात. कधी काळी झोपेशिवाय अती उत्साह, अती बोलणे, भलत्या योजना असे दिवस आले होते का, घराण्यात तसे कुणी होते का, हेही विचारले जाते. उत्तर होकारार्थी असेल तर तो द्विध्रुवीय विकार असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. तिथे नैराश्याची गोळी एकटीच दिली तर त्रास वाढू शकतो. म्हणून हा इतिहास पालकांनी लपवू नये.

आजार सौम्य असेल तर लगेच औषध देत नाहीत. झोप, जेवण, व्यायाम आणि शाळेतला ताण यांत सुधारणा करून, समुपदेशन देऊन दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासतात. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, हे पहाटेचा आणि रात्रीचा असे दोन क्लास लावताना आपण विसरतो. मध्यम किंवा तीव्र आजारात बोलण्यातून होणारा उपचार हा पाया असतो. त्यातल्या सर्वाधिक अभ्यासलेल्या पद्धतीला कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, थोडक्यात सीबीटी, म्हणतात. पंचवीसपैकी अकरा गुण मिळालेल्या मुलीच्या मनात ‘मी नापास होणार, बाबांचे पैसे वाया गेले, मी नसते तर बरे झाले असते’ अशी साखळी क्षणात तयार होते. उपचारात ती साखळी कागदावर उतरवतात आणि प्रत्येक कडीला पुरावा मागतात: अकरा गुणांवरून वर्षाचा निकाल ठरतो का, बाबा खरेच तसे म्हणाले का? त्याबरोबरच कृतीचा भाग असतो. मन लागेपर्यंत थांबायचे नाही, आधी छोटी कृती करायची, मन मागून येते. संध्याकाळी पंधरा मिनिटे सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला चालून येणे, एका जुन्या मित्राला फोन करणे, एवढ्या लहान पायरीपासून सुरुवात होते. दुसरी एक पद्धत नातेसंबंधांवर काम करते: भांडण, ताटातूट, मृत्यू, नव्या शाळेत न रुळणे. लहान मुलांच्या उपचारात बहुतेक वेळा सारे कुटुंबच सामील होते.

औषधांविषयी आपल्याकडे भीती मोठी आहे. ‘डोक्याच्या गोळ्या’ सुरू झाल्या की आयुष्यभर सुटत नाहीत, मूल झिंगलेले राहते, असे सर्रास बोलले जाते. मुलांच्या नैराश्यात प्रथम पसंतीने वापरले जाणारे फ्लुओक्सेटिन हे औषध झोपेची गोळी नाही आणि त्याचे व्यसनही लागत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ते आठ वर्षांपासून पुढे, आणि एस्सिटालोप्राम बारा वर्षांपासून पुढे मंजूर केले आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२ ते १७ वर्षांच्या ४३९ किशोरांच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात बारा आठवड्यांनंतर औषध आणि सीबीटी दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के, फक्त औषध मिळालेल्यांपैकी ६१ टक्के, फक्त सीबीटी मिळालेल्यांपैकी ४३ टक्के, तर औषधासारखी दिसणारी निष्प्रभ गोळी मिळालेल्यांपैकी ३५ टक्के मुले सुधारली. छत्तीस आठवड्यांपर्यंत उपचार घेतलेल्या तिन्ही गटांतले अंतर जवळजवळ मिटले. याचा अर्थ असा की बोलण्याचा उपचारही गुण देतो, फक्त वेळ अधिक घेतो. आणि तीव्र आजारात तो वेळ आपल्याकडे नेहमीच असतो असे नाही.

एक धोका मात्र प्रत्येक पालकाला स्पष्ट सांगितला गेला पाहिजे. २००४ मध्येच त्या नियामक संस्थेने या गटातल्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. अनेक चाचण्यांची माहिती एकत्र केल्यावर औषध घेणाऱ्या शंभरापैकी सुमारे चार मुलांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन दिसले, निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांमध्ये सुमारे दोघांमध्ये. त्या चाचण्यांत एकाही मुलाचा आत्महत्येने मृत्यू झाला नाही. म्हणून पहिले चार आठवडे आणि मात्रा बदलल्यावरचे दिवस विशेष लक्ष ठेवायचे असते: नवी अस्वस्थता, एका जागी न बसणे, झोप पूर्ण उडणे, रागाचा भडका, मरणाची भाषा यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. एरवी मळमळ, डोकेदुखी असे त्रास सुरुवातीला होतात आणि बहुधा ओसरतात. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. दहा दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा महिन्याभरात बरे वाटले म्हणून, गोळी स्वतःहून बंद करू नये. एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड असे त्रास होतात आणि आजारही उलटू शकतो. मेडिकलमधून जुनी चिठ्ठी दाखवून, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाची गोळी मुलाला देणे तर अजिबात करू नये.

अक्कलकोटला किंवा पंढरपूरला जाऊन डोके टेकवण्याने, दर्ग्यात दुवा मागण्याने घराला बळ मिळत असेल तर ते जरूर करावे. कोणताही समंजस डॉक्टर त्याला हरकत घेणार नाही. मात्र उतारे, गंडे, मारझोड, उपाशी ठेवणे यांत महिने घालवणे मुलाच्या जिवावर बेतू शकते. आणि घरात आई स्वतःच महिनोन्महिने खचलेली असेल, तर तिचाही केसपेपर काढावा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, ज्या माता उपचाराने नैराश्यातून बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांची लक्षणेही कमी झाल्याचे दिसले. दिवसभर विड्या वळून मणक्याने आणि मनाने थकलेल्या बाईला ‘मुलाकडे लक्ष दे’ एवढेच सांगून काही साधत नाही.

शाळेने बुडलेल्या अभ्यासाचा डोंगर परतलेल्या मुलापुढे एकदम ठेवू नये. काही दिवस अर्धा वेळ, निवडक विषय, आणि मन भरून आले तर कुणाकडे जाऊन बसायचे त्या एका शिक्षकाचे नाव आधीच ठरलेले असावे. आजाराची माहिती वर्गात जाहीर करण्याचे काहीही कारण नाही.

बरे वाटू लागल्यानंतरही औषध साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, कारण हा आजार उलटणारा आहे. पहिल्या झटक्यातून बऱ्या झालेल्या मुलांपैकी अनेकांना पुढच्या काही वर्षांत तो पुन्हा गाठतो. प्रत्येक मुलात त्याची पहिली चाहूल वेगळी असते: एकाची झोप उडते, एकीचे जेवण तुटते, एक जण मित्रांचे फोन घेणे थांबवतो. आपल्या मुलाची चाहूल कोणती, हे डॉक्टरांशी बोलून केसपेपरवर लिहून घ्यावे आणि ती दिसताच, दोन आठवडे पूर्ण होण्याची वाट न पाहता, दाखवावे. औषध उतरवायचे ते टप्प्याटप्प्याने आणि ताण कमी असलेल्या काळात. दहावी-बारावीच्या मुलांच्या बाबतीत फेब्रुवारी-मार्चची परीक्षा तोंडावर असताना मात्रा कमी करण्याचा आग्रह पालकांनी धरू नये, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबावे, आणि उतरवल्यानंतर निदान काही महिने तपासणीच्या तारखा चुकवू नयेत.